अगत्य उघडावे

कुकरची रबरी रिंग मी एकदाच ऑनलाइन मागवली होती. रिंग आली, बसली, शिट्ट्या होऊ लागल्या. माझ्या लेखी विषय संपला. रिंगवाल्यांच्या लेखी तो तिथून सुरू झाला. तेव्हापासून ते मला विसरायला तयार नाहीत. संक्रांतीला तिळगूळ, पाडव्याला गुढी, वाढदिवसाला केक (चित्रातला), आणि मधल्या भाकड दिवसांत ‘बरेच दिवसांत दिसला नाहीत’ अशा आशयाचं काळजीचं पत्र. माझ्या सख्ख्या आतेभावाने गेल्या कित्येक वर्षांत माझी एवढी विचारपूस केलेली नाही. तोही कुकरच वापरतो, पण दुसऱ्या कंपनीचा.

ही विचारपूस यंत्र करतं हे मला ठाऊक आहे. कुठल्याशा यादीत माझ्या नावाची एक ओळ आहे. त्या ओळीत नाव, आडनाव, जन्मतारीख, गाव, शेवटची खरेदी असे रकाने आहेत आणि ठरलेल्या वेळी त्या रकान्यांतून मायेचा पाझर फुटतो. एका विमावाल्याने एकदा मला ‘प्रिय ग्राहकाचे_नाव’ असं संबोधलं, मधल्या खालच्या रेघेसकट. आजवर आलेल्या सगळ्या व्यापारी पत्रांत मला तेवढंच एक प्रामाणिक वाटलं.

या सगळ्या गोतावळ्याचा मूळपुरुष म्हणजे गॅरी थुर्क. हा अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा विक्रीतला माणूस. ३ मे १९७८ रोजी त्याने अर्पानेटवरच्या, पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे चारशे लोकांना एकाच दमात एक संदेश पाठवला: आमचे नवे संगणक बघायला या, कॅलिफोर्नियात प्रात्यक्षिक ठेवलं आहे. अर्पानेट तेव्हा संरक्षण खात्याच्या पैशांवर चालायचं आणि तिथल्या मंडळींची पत्त्यांची छापील डिरेक्टरी असायची. ती समोर ठेवून पत्ते एकेक करून टंकले गेले. ते इतके झाले की ‘प्रति’च्या जागेत मावेनात, आणि उरलेले खालच्या मजकुरात सांडले. लोक भडकले. पुन्हा असं करायचं नाही, अशी थुर्कला तंबी मिळाली. त्या एका संदेशामुळे कोटभर डॉलरच्या वर विक्री झाली, असं तो पुढे सांगत असे. पहिल्याच पत्राने शिव्याही आणल्या आणि पैसेही आणले. हा धंदा पुढे कुठल्या वाटेने जाणार, ते त्याच दिवशी ठरून गेलं असावं.

आपल्याकडे मात्र यादी करून एकगठ्ठा पत्रं पाठवायचं शास्त्र कुणी अमेरिकेतून आणावं लागलं नाही. लग्नपत्रिका काय दुसरं असते? मजकूर सगळ्यांना एकच, छापून आणलेला. वर नाव तेवढं हाताने, कोपऱ्याला कुंकवाचं बोट. ‘सहकुटुंब सहपरिवार’ म्हणावं की नुसतं ‘सहकुटुंब’, यावर घराघरांत रात्री जागल्या जातात. कुणाला पोस्टाने, कुणाला समक्ष, कुणाला समक्ष आणि वर फोन, अशी प्रतवारी लागते. जाणकार लोक याला हल्ली सेगमेंटेशन म्हणतात. आमची आजी ‘माणसं बघून’ म्हणायची. फरक एवढाच, की लग्नाच्या यादीतून नाव गळलं तर माणूस जन्मभर रुसतो आणि ईमेलच्या यादीत नाव गेलं तर रुसतो. पत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापून शेजारी एक मावशी वही-पेन घेऊन बसवायची, ही चलाखीही या पत्रांना अजून नीट जमलेली नाही. त्यांची मावशी दुसऱ्याच ओळीत दिसते.

हे सगळं मी बाहेरून बघून हसत होतो. मग भाच्याने मला आत ओढलं.

माझी बहीण देवगडकडे दिली आहे. भावोजींची हापूसची कलमं. वर्षानुवर्षं त्यांचा आंबा पेट्यांतून वाशीला जायचा आणि काही दिवसांनी दलालाची पट्टी यायची. पट्टीत हमाली, तोलाई, अडत वजा होता होता खाली जो आकडा उरायचा, त्याच्याकडे बघून भावोजी चष्मा पुसायचे. भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत होता. घरून काम करण्याच्या दिवसांत गावी गेला तो परतलाच नाही. थेट गिऱ्हाइकाला विकायचं, त्याने जाहीर केलं, आणि त्यासाठी यादी लागते. समाजमाध्यमांवर कितीही लोक जमवले तरी ते त्या कंपनीच्या घरातले पाहुणे. तिने उद्या दार लावलं की आपण ओटीवर. ईमेलचे पत्ते मात्र आपले. एका दुकानातून उचलून दुसऱ्या दुकानात नेता येतात.

यादी घरातच होती. बहिणीची वही. मे महिन्यात गावी आलेले चाकरमानी आणि पर्यटक घरी येऊन आंबा घेऊन जात, त्यांची नोंद ती ठेवायची. लाल पुठ्ठ्याची, कडेला हळदीचे डाग पडलेली आणि अर्ध्या पानांवर दुधाचा हिशेब असलेली ती वही भाच्याने माझ्यासमोर उघडली. त्यात नावं कमी आणि माणसं जास्त होती. ‘ठाणे, चष्मेवाले, ४ डझन, पिकलेला नको.’ ‘कोथरूड, सासूबाई खवट, मोजून घेतात.’ ‘बेळगाव, मुलगी नांदायला गेली, तिच्याकडे पाठवायचा.’ ‘हे पैसे नंतर देतात पण देतात.’ आज मोठमोठ्या कंपन्या गिऱ्हाइकाची हीच माहिती गोळा करायला लाखो रुपये मोजतात आणि त्यांच्या हाती लागतं ‘पुरुष, ४५ ते ५४, महानगर’. सासूबाई खवट आहेत हे त्यांना कळतच नाही.

वहीत फोन होते, ईमेल क्वचितच. भाच्याला धीर नव्हता. त्याने कुणाकडून तरी पुण्या-मुंबईतल्या सधन लोकांचे काही हजार पत्ते विकत घेतले आणि एका संध्याकाळी सगळ्यांना हापूसचं निमंत्रण धाडलं. सकाळपर्यंत निम्मी पत्रं ‘असा पत्ता नाही’ म्हणून परत आली. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं. अशा विकाऊ याद्यांमध्ये काही पत्ते तर निव्वळ सापळे असतात. त्यांच्यामागे माणूसच नसतो. विकतची यादी कोण वापरतंय ते पकडण्यासाठीच ते पेरलेले असतात. ज्या कंपनीमार्फत पत्रं गेली होती तिने दुपारी खातंच बंद केलं.

त्या निमित्ताने मला या पोस्टाचे कायदे कळले. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूने मोठ्या पाठवणाऱ्यांना, म्हणजे जीमेलच्या हिशेबात दिवसाला पाच हजारांवर पत्रं धाडणाऱ्यांना, नियम घालून दिले आहेत. एका टिचकीत नाव काढता आलं पाहिजे, तक्रारींचं प्रमाण हजारी तीनच्या आत हवं, आणि पत्र खरोखर तुमच्याच पत्त्यावरून निघालंय याचे तीन दाखले हवेत: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. भाचा कुणाशी तरी फोनवर ही नावं घेत होता. ती भावोजींनी पडवीतून ऐकली आणि आत येऊन विचारलं, ‘तुडतुड्यावर मारतत ता?’ ती त्यांना फवारणीची औषधं वाटली होती. तशी ती कीड मारायलाच आहेत म्हणा.

यादी परवानगीनेच वाढवायची, असं मग ठरलं. आता परवानगी हा आपल्याकडे नाजूक विषय. मॉलमध्ये रुमाल घ्यायला जा, बिलाआधी मुलगी म्हणते, ‘सर, मोबाइल नंबर?’ ती इतक्या सहज विचारते की आपण रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात दहा आकडे सांगून मोकळे होतो. नंबर दिल्याशिवाय बिलच न करण्याचा हट्ट धरू नका, असं २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याला दुकानदारांना सांगावं लागलं. मी एकदा धीर करून ‘नाही देणार’ म्हणालो. मुलीने माझ्याकडे असं बघितलं की मागचे गृहस्थ पुढे होऊन म्हणाले, ‘माझा घाला.’

भाच्याने वेबसाइटवर एक चौकट ठेवली. पत्ता द्या, बदल्यात ‘आंबा घरी कसा पिकवावा’ ही चार पानी पुस्तिका फुकट. पुस्तिका बहिणीने सांगितली, मी लिहून काढली. पेटी आली की आधी उघडून वारा लागू द्या. भाताचा पेंढा असेल तर उत्तम, नसेल तर वर्तमानपत्राचा कागद. एकावर एक फार थर रचू नका. रोज वरखाली करा. रंगाला भुलू नका, देठाशी वास घ्या. पिकायच्या आधी फ्रिजमध्ये घालाल तर तो आंबा राहणार नाही. आणि साका बाहेरून ओळखता येत नाही, तेव्हा कापल्यावर आत पांढरट गाठ निघाली तर आम्हाला फोटो पाठवा, भांडू नका. शेवटचा शब्द खोडावा असं भाच्याचं म्हणणं होतं. बहिणीने तो ठेवला.

पत्ता दिला की लगेच यादीत नाव पडत नाही. आधी एक पत्र जातं: तुम्हीच ना ते? मग ‘हो, मीच’ म्हणून टिचकी मारायची. याने यादी हळू वाढते, पण जो येतो तो जाणूनबुजून येतो. भाचा त्या संथपणाने चिडचिडायला लागला तेव्हा मी त्याला डॉ. श्री. व्यं. केतकरांचं सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी या माणसाने महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढायचं मनावर घेतलं, नागपुरात त्यासाठी मर्यादित कंपनी काढली, तिचे भाग विकले आणि वर्गणीदार नोंदवण्यासाठी गावोगाव माणसं हिंडवली, स्वतः हिंडले. माल कोणता? तेवीस खंड. तेही अजून लिहायचे! कॉर्नेलची डॉक्टरेट घेऊन आलेला विद्वान एखाद्या तालुक्याच्या गावी वकिलाच्या ओसरीवर बसून न लिहिलेल्या खंडांचे वर्गणीदार मिळवतोय, हे चित्र मला ज्ञानकोशाइतकंच थोर वाटतं. मराठी प्रकाशकांची प्रकाशनपूर्व सवलत तरी दुसरं काय आहे? पुस्तक छपाईत, पैसे आधी, आणि वाचकाच्या दारी वर्षभर टपालखर्चासकट आशा. आपला आंबा निदान झाडावर दिसतो तरी, मी म्हणालो. भाचा म्हणाला, ‘मामा, केतकरांचा ओपन रेट किती होता?’

मग पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. ‘तू लिहितोस ना, मग लिही,’ इतकी साधी नेमणूक. भाच्याचा आग्रह घाईच्या भाषेचा. ‘फक्त २४ तास!’, ‘शेवटच्या ११ पेट्या!’, ‘चुकवू नका!’ ही भाषा चालते हे त्याने मला आकड्यांनिशी दाखवलं आणि ती चालत असणारच, नाहीतर रोज सकाळी माझी पेटी तिने भरली नसती. पण घाईची भाषा आंब्याला लावली की भावोजींचं डोकं फिरायचं. त्या वर्षी मोहर उशिरा आला होता. पहिल्या मोहराला अवकाळी पावसाने झोडपलं, दुसऱ्याची कणी धरली तीही विरळ. बाजारात कुणाच्या तरी पहिल्या पेटीची पूजा झाल्याचे फोटो पेपरात झळकले आणि आमच्या यादीतले लोक विचारू लागले, तुमचा कधी? भाच्याला लगेच आगाऊ नोंदणी सुरू करायची होती. भावोजी सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, ‘तेंका सांग, आंबो अजून झाडार आसा.’

मी तेच वाक्य पत्राचा विषय म्हणून टाकलं, मालवणीत, जसंच्या तसं. खाली दहा-बारा ओळी: मोहराचं काय झालं, कणी कुठवर आली, कधी काढू असं वाटतंय. विकत घ्या असं कुठेच नव्हतं, किंमतही नव्हती. त्या पत्राला उत्तरं आली. उत्तरं! मी इतकी वर्षं व्यापारी पत्रं घेतोय, पण त्यांना उत्तर देता येतं हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं, कारण बहुतेक पत्रांच्या माथ्यावरच ‘नो-रिप्लाय’ असा पत्ता असतो. स्वतः पत्र लिहून वर ‘उलट बोलायचं नाही’ असं बजावण्याचा मान पूर्वी फक्त वडीलधाऱ्यांना होता. इथे लोक लिहीत होते: आमच्याकडे वेंगुर्ल्याला पण असंच झालं. माझे वडील कणी वाटाण्याएवढी झाली की गळती मोजायचे. आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, आम्हाला मोहराचा एक फोटो पाठवाल का? बडोद्याहून एका बाईंनी तर अवकाळीवर उपाय म्हणून एक स्तोत्र कळवलं.

भाचा या काळात आकडे बघत होता. पत्र कुणी उघडलं हे कळायची युक्ती मोठी गमतीची आहे. पत्रात एका ठिपक्याएवढं, डोळ्यांना न दिसणारं चित्र दडवलेलं असतं. तुम्ही पत्र उघडलंत की ते चित्र पाठवणाऱ्याच्या घरून मागवलं जातं आणि त्याच्याकडे घंटा वाजते: उघडलं! पण २०२१च्या सप्टेंबरपासून ॲपलने आपल्या मेलमध्ये अशी सोय केली की ज्यांनी ती स्वीकारली त्यांच्यासाठी ही चित्रं कंपनीचं यंत्रच आधी मागवून ठेवतं, माणसाने पत्र उघडो न उघडो. म्हणजे इकडे यंत्र पत्र पाठवतं, तिकडे यंत्र उघडतं, इकडे यंत्र खूश होतं. आंब्याशी कुणाचाच संबंध नाही. हे कळल्यापासून मी भाच्याला आकड्यांवरून छळणं बंद केलं नाही, पण तो मला छळत नाही.

नाव काढून घेणारे मात्र त्याला फार लागतात. यादीतून कुणी गेलं की तो दिवसभर गप्प. आम्ही काय वाईट केलं? एकाने कारणाच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘आंबा उत्तम. पत्रं फार.’ भाच्याने ते चारदा वाचून दाखवलं. मी त्याला आठवण करून दिली की आदल्याच दिवशी त्याने स्वतः सतरा कंपन्यांच्या याद्यांतून आपलं नाव बाहेर काढलं होतं आणि ‘शांत वाटतंय’ असं म्हणाला होता. बहिणीचं मत निराळं. गेला तर गेला, मे महिन्यात येईलच, वहीत नाव राहू दे. त्यावर भाच्याने आईला २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा समजावला: संमती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. बहिणीने विचारलं, कायदा डिजिटलचा ना? मग वहीला कसा लागेल? भाच्याने शोधून पाहिलं. खरोखरच नुसत्या वहीला तो लागत नाही, वहीतलं संगणकावर चढवलं की लागतो. बहिणीने वही कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली.

आता यादी बऱ्यापैकी झाली आहे. आंबा संपला की आम्ही पत्रं जवळजवळ बंद करतो. पावसात एखादं, बागेची साफसफाई चाललीय एवढं सांगणारं, आणि मग थेट मोहराचं. या धंद्यातले गुरू हे चूक मानतात. यादी गार पडते, सतत डोळ्यांसमोर राहा, असं सांगतात. असेल. पण ऑगस्टमध्ये हापूसवाल्याने डोळ्यांसमोर राहून करायचं काय? आमरसाचे डबे विकायचे, हे भाच्याचं उत्तर आहे आणि ते बरोबर आहे हे मला कबूल करायचं नाही.

यादी झाडायची म्हणून मध्यंतरी एक रिवाज पाळला गेला. जे वर्षभरात काहीच घेत नाहीत त्यांना ‘निष्क्रिय’ ठरवून काढून टाकायचं. सॉफ्टवेअर स्वतःच त्यांची नावं पुढे करतं. त्यात सोलापूरचे एक निवृत्त गृहस्थ निघाले. एकही पेटी कधी घेतलेली नाही, पण प्रत्येक पत्र उघडलेलं, बहुतेकांना उत्तर दिलेलं. काढायच्या आधी विचारावं म्हणून भाच्याने त्यांना लिहिलं. तासाभरात उत्तर आलं: ‘मधुमेह आहे. डॉक्टरांनी आंबा पूर्ण बंद केला आहे. घरात आणला तर मला राहवणार नाही म्हणून आणू देत नाहीत. परंतु मोहर केव्हा आला, कणी किती धरली, आढी केव्हा लागली हे कृपया कळवत जावे.’

भाच्याने त्यांच्यासाठी यादीत नवा रकाना केला: ‘आंबा नको, पत्र हवं.’ त्या रकान्यात हळूहळू आणखीही काही जण आले आहेत. परवा जेवताना त्याने हे कौतुकाने बापाला सांगितलं. भावोजींनी भात कालवता कालवता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बरा, पण तेंच्याकडसून पैशे कशे घेवचे?’